डागाआधीचा गूळ

१२ जून १९९६ रोजी मैसूरच्या एका फार्मसी कॉलेजात साठ पांढरे उंदीर आले. बिल झालं एक हजार दोनशे साठ रुपये. खोकी उतरवून घेतली ती प्राणिगृहाचे शिपाई रणोजीराव यांनी. पिंजऱ्यांतला भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, मेलेलं उचलणं, ही त्यांची लग्नाआधीपासूनची नोकरी.

त्यांचे पणजोबा मैसूरच्या घोडदळात बारगीर होते. लष्कर मोहल्ल्यातल्या घरी त्याचा अभिमान अजून शिल्लक होता, आणि त्यावरून बायको, गिरिजाबाई, त्यांची फिरकी घेई. शेजारणीला सांगे, "पणजोबांनी घोडे सांभाळले. आमचे हे उंदरांचे सुभेदार."

त्या वर्षी गिरिजाबाईंच्या थट्टा कमी झाल्या. कर्करोग हाडांत उतरला होता. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यांच्या गोळ्या दोन तासही पुरेनात. कूस बदलायची वेळ आली की त्या उशीचा कोपरा दातांत धरत.

म्हणूनच प्राणेशच्या प्रयोगात रणोजीरावांचा जीव गुंतला. प्राणेश पीएचडी करत होता. घरी मराठी बोलणारा, बोलता बोलता कानडीत शिरणारा. दोन वर्षं खपून त्याने प्रयोगशाळेत एक नवीन रसायन जुळवलं होतं. ते वेदना थांबवील असा त्याचा कयास होता, पण हाती चिमूटभरच आलं होतं. निम्म्या उंदरांच्या पाठीवर पिवळी खूण करून त्यांना ते टोचायचं, उरलेल्यांना नुसतं मिठाचं पाणी. मग एकेकाला तापलेल्या पत्र्यावर ठेवायचं आणि तो पंजा कधी चाटतो ते पाहायचं. चाटला की लगेच उचलायचं. पिवळ्या खुणेचे उंदीर बाकीच्यांपेक्षा उशिरा चाटू लागले, तर रसायन खरं.

हे माणसांना कधी मिळेल, असं रणोजीरावांनी विचारलं होतं. सगळं नीट झालं तरी दहा वर्षं, असं प्राणेशने खरं ते सांगितलं. रणोजीरावांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एखादी पुडी आधीच मिळेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

पण बिनखुणेचे उंदीर त्यांना बघवेनात. त्यांच्या घराण्यात रीत होती, घोड्याला डाग द्यायचा असला की आधी त्याच्या तोंडात गूळ घालायचा. वेदना आपण देतो, तर आधी थोडं गोड आपल्याच हातचं जावं. खुणेच्या उंदरांना औषध तरी होतं, या बिचाऱ्यांना काहीच नव्हतं. प्रयोगाआधी दोन आठवडे पिंजरे वेगळे केले, तेव्हापासून बन्नूरचा गूळ पाण्यात कालवून ते बिनखुणेच्या बाटल्यांत भरत राहिले. त्याने काही बिघडेल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

प्रयोग झाला. दोन्हीकडचे उंदीर सारखेच उशिरा पंजा चाटत होते. विभागप्रमुख सीतालक्ष्मीबाईंनी रसायनात दम नाही असं ठरवलं. अनुदानाची मुदतही संपत आली होती.

प्राणेश प्राणिगृहातल्या स्टुलावर बसून राहिला. मिठाच्या पाण्याच्या उंदरांना पत्रा कसा पोळला नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याला धीर द्यावा म्हणून रणोजीराव म्हणाले, "गुळाने बरं वाटलं असेल त्यांना."

"कसला गूळ?"

"पिण्याच्या पाण्यातला. त्यांना औषध नव्हतं ना."

प्राणेश स्टुलावरून उठला. "अय्यो, रणोजीराव. गोडानेही दुखणं बोथट होतं. तुम्ही त्यांनाही औषधच दिलंत, अल्वा? दिलंत ना?"

"मग पुन्हा करू. मी बाटल्यांना हात लावणार नाही."

"कशाने करू? संपलं ते. बाटली धुवून पालथी घातलीय."

रणोजीराव स्वतःच सीतालक्ष्मीबाईंकडे गेले आणि घरच्या दुखण्यासकट सगळं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांना फाटकावर बसायला सांगितलं. प्राणेशने पीएचडी सोडली आणि बेंगळूरच्या एका औषध कंपनीत विक्रीची नोकरी धरली.

घरी गिरिजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे ते औषध चांगलं होतं की नव्हतं?"

"आता कळायचं नाही."

गिरिजाबाईंनी उशी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "उंदरांना तरी बरं वाटलं ना?"

रणोजीराव उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले.

दसऱ्यानंतर प्राणेश मैसूरला आला, तेव्हा सीतालक्ष्मीबाईंकडून त्याला गिरिजाबाईंच्या दुखण्याचं कळलं. तो थेट घरी गेला, त्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, आणि पुढल्या रविवारी बेंगळूरच्या कर्करोग रुग्णालयातून मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन आला. मैसूरच्या दुकानांत त्या मिळत नव्हत्या. गोळी कशी द्यायची, किती वेळाने द्यायची, ते त्याने नीट समजावलं. प्रयोगाचं नाव कोणीच काढलं नाही. रणोजीरावांनी पैसे विचारले. छत्तीस रुपये, सावकाश द्या, असं म्हणून तो बस पकडायला गेला.

गिरिजाबाई त्या दुपारी उशी न चावता झोपल्या. पुढचे काही दिवस त्यांनी भात खाल्ला, केस विंचरून घेतले. पाकीट संपायच्या आत त्या गेल्या.

रणोजीराव बाराव्यानंतर फाटकावर परत बसू लागले. प्राणेशची बदली हुबळीकडे झाली, आणि त्याचा पत्ता कॉलेजात कोणाकडे नाही. त्याचे छत्तीस रुपये द्यायचे राहिले आहेत.