चादर धरायचं काम

गच्चीवर पांढरी चादर ताणून उभं राहायचं, हे माझं काम. आमची ही भरतकामाचा नमुना बाजेवर पसरायची, मोबाईल डोळ्यासमोर धरायची आणि ओरडायची, "अहो, जरा वर! चादर धरलीय की वाळत घातलीय?" ऊन थेट पडलं की दोरा चमकतो, चादरीतून आलं की खरा रंग दिसतो. त्या सकाळीही आम्ही तेच केलं. पण विकास नगरावर धुकं बसलं होतं. फोटो बघून ती म्हणाली, "डाळिंबी तपकिरी दिसतोय. नको. उद्या ऊन पडेल, उद्या घेऊ." चादरीची घडी मीच घातली.

फोटोपायी एवढा जीव का टाकायची, तर तिचा धंदाच तो. आधी टॅबवर वेलबुट्टी काढायची. सुनेने शिकवलं होतं. "पाटीच आहे, फक्त पुसायला थुंकी लागत नाही," असं म्हणायची. मग तोच नमुना स्वतः कापडावर भरायची आणि फोटो मोबाईलवरच्या ग्रुपात टाकायची. इंदूर, नागपूर, कुठकुठल्या बायका नमुना विकत घेऊन आपापल्या घरी भरायच्या. फोटो बघून दोरे आणायच्या. "रंग खोटा दाखवला की त्यांचा दोरा वाया," हे तिचं ठरलेलं. मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो, नोकरीपायीच इकडे उत्तरेत आलो, शाळा सातवीपर्यंत. रिटायर होऊन मी बसलो आणि ही कामाला लागली.

गोड बोलणं तिला जमायचं नाही. सकाळचा चहा घेत ग्रुपातल्या बायकांची कामं बघायची आणि मोबाईलमध्ये बोलून टाकायची, "टाके सैल आहेत, उसव." स्वतःच्या फोटोखालीही एकच वाक्य, "चूक दिसली तर सांगा. वाहवा नको." निशातगंजला शिलाईचं दुकान असलेली रुखसाना एकदा घरी आली होती. म्हणाली, "आंटी, इतना सच कौन बोलता है?" ही म्हणाली, "बेटा, झूठ बोलूँगी तो उधेड़ना तुम्हें ही पड़ेगा." रुखसाना हसत हसत दोन कप चहा प्याली.

एका बाईने हिचा मोर स्वतःच्या नावावर खपवला. ग्रुपात आग लागली. मी म्हटलं, चांगली झाड तिला. हिने चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला आणि तिला कळवलं, "पिसाऱ्याचा टाका उलटा पडलाय. चोरलं तर नीट तरी भर." बाई दुसऱ्या दिवशी माफी मागून गेली. टाकाही सुधारला.

धुक्यात राहिला तो नमुना डाळिंबाच्या वेलीचा होता. रुखसानाच्या बहिणीचा निकाह तोंडावर आला होता, ओढणीवर तीच वेल भरायची होती. दोरे घ्यायला ती फोटोची वाट बघत होती.

त्या धुक्याच्या सकाळी गच्चीवरून खाली येऊन ही खुर्चीत बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. मुलगा कानपूरहून आला. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. तिचा मोबाईल वाजत राहिला, "आंटी, फोटो?"

सकाळी ऊन पडलं, लख्ख. मी चादर आणि नमुना घेऊन जिना चढायला लागलो. इकडच्या हिंदीतच वाढलेला मुलगा मागून म्हणाला, "बाबा, ये सब अभी रहने दीजिए ना."

म्हटलं, "तिने उद्या म्हटलं होतं. आज तेच आहे."

एका हातात चादर, एका हातात मोबाईल, जमेना. शेवटी चादर वाळतच घातली, दोरीवर. चादरीमागे बाज ओढली, नमुना पसरला, फोटो काढला. मला लिहायला वेळ लागतो, म्हणून तिच्यासारखंच बोलून टाकलं, "आमची ही काल गेली. हा फोटो ती आज घेणार होती. रंग खरा आहे. कोपऱ्यात माझा अंगठा आलाय. बाकी चूक दिसली तर सांगा."