कुणी राहत नाही ते घर

व्हर्लीन टेटमला लहानपणापासून एकच खोड. बंद दार दिसलं की आत कोण असेल हे कळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभं आयुष्य पोरांना वाढण्यात घालवलं, पण ताटात मक्याचा पाव टाकता टाकता प्रत्येकाच्या घरची खबर काढून घ्यायची. आजीचा गुडघा कसा आहे, बाप कामावर परत गेला का, कुत्रीला पिल्लं किती झाली. पुढं शाळेनं चूल बंद केली, जेवण बाहेरून खोक्यांत यायला लागलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी व्हर्लीन घरी बसली. बसली म्हणजे काय, महिनाभर तिनं खिडकी सोडली नाही.

त्या दिवसांत मेम्फिसमध्ये जो तो घरं विकत होता, आणि गंमत अशी की विकणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या नावावर स्वतःची कौलंसुद्धा नव्हती. धंदा साधा होता. पडायला आलेलं घर शोधायचं, मालकाशी अमुक भावाला खरेदीचा करार करायचा आणि मुदत संपायच्या आत तो करारच रोखीनं घर घेणाऱ्याला थोड्या चढ्या भावानं देऊन टाकायचा. घर त्याचं, मधली कमाई आपली. याला ते घरांचं होलसेल म्हणत. चर्चच्या मागच्या हॉलात दर मंगळवारी कॉर्डेल यान्सी नावाचा चकचकीत बुटांचा तरुण हे शिकवायचा. व्हर्लीन तिथं गेली ती शिकायला कमी आणि आत एवढी माणसं काय करतात ते बघायला जास्त.

"व्हर्लीनबाई, नियम एकच," कॉर्डेल म्हणाला. "विकणाऱ्याच्या गोष्टीत शिरायचं नाही. भाव बोला, सही घ्या, उठा."

"आणि त्यानं कॉफी विचारली तर?"

"प्या आणि उठा."

"अरे बाळा, मग माणसानं जायचंच कशाला? टपाल पाठव की."

हॉलभर हशा पिकला. पण बाई दुसऱ्या दिवसापासून आपली जुनी ब्यूक काढून ऑरेंज माउंडच्या गल्ल्यांतून गोगलगाईसारखी फिरायला लागली. गवत गुडघ्यापर्यंत आलंय, पन्हळ लोंबतंय, दारात जाहिरातींचे कागद साचलेत, असं घर दिसलं की गाडी थांबवायची. मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या घालायचे. ती हात हलवून त्यांना नमस्कार करायची.

असंच तिला मिस्टर ओथा बिनफर्ड यांचं घर सापडलं. पुढच्या पायऱ्या खचलेल्या, म्हणून ये-जा मागच्या दारानं. त्या दाराची कडी मोडलेली; रात्री म्हातारबुवा आतून खुर्ची टेकवून झोपायचे. वय एक्क्याऐंशी, हयात न्हाव्याच्या खुर्चीमागे उभं राहण्यात गेलेली. कॉर्डेलचा नियम व्हर्लीननं दारातच सोडला आणि ती दुपारभर बसली. चुलीवर डुकराच्या मानेच्या हाडांचा रस्सा शिजत होता, तोही तिनं दोनदा वाढून घेतला. लुसिल, त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्यांनी बाकीच्या खोल्या बंद केल्या होत्या आणि ते स्वयंपाकघरात आणि शेजारच्या एका खोलीत राहत होते.

"बेथेल कोर्टात माझा नंबर लागलाय," ते म्हणाले. बेथेल कोर्ट म्हणजे म्हाताऱ्यांसाठी बांधलेली इमारत. "समोरच्याच दारात इझेल प्रुइट राहतो. तीस वर्षं आम्ही एका दुकानात केस कापले. डोमिनोत लबाडी करतो मेला, पण खेळतो तरी. महिनाअखेरपर्यंत खोली धरून ठेवतील, मग पुढच्याला."

"मग जा की. घर मागाहून विकता येईल."

"रिकामं घर सोडून जाऊ? पोरी, तू या गावची ना? आठ दिवसांत भिंती फोडून तांब्याचे नळ नेतील. लुसिलनं रंगवलेल्या भिंती आहेत त्या. घर कुणाच्या तरी हातात देईन, तेव्हाच पाय काढीन."

व्हर्लीननं शब्द दिला. महिनाअखेरच्या आत घर घेणारा माणूस आणीन म्हणाली. करारावर सह्या झाल्या आणि गाडीत बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की घर घेणारा एकही माणूस आपल्या ओळखीचा नाही.

"त्यात काय, भागीदारीत करू," कॉर्डेल म्हणाला. "तुम्ही घर आणलंत, मी गिऱ्हाईक आणतो. कमाई निम्मी निम्मी. घराची माहिती तेवढी पाठवा."

व्हर्लीननं माहिती पाठवली ती सगळी. गळकं छप्पर, खचलेल्या पायऱ्या, मोडकी कडी, भिंतींचा रंग, आणि आत राहणारे सद्गृहस्थ खोली धरलेली आहे म्हणून महिनाअखेरीस जाणार आहेत, हेसुद्धा. कॉर्डेलनं ती वाचताना जांभई दिली असणार, याबद्दल माझी खात्री आहे.

दिवस सरत चालले. व्हर्लीन फोन करायची, कॉर्डेल म्हणायचा, "लोक बघतायत." कोण बघतंय, ते मात्र सांगायचा नाही. मिस्टर ओथांना फोन करावा तर ते उचलायचे नाहीत. त्यांचा फोन चमच्यांच्या खणात असे. तोंड दाखवायला गिऱ्हाईक नाही म्हणून तिनं त्यांच्याकडे जायचंही टाळलं.

महिन्याचा शेवटचा आठवडा लागला आणि सोमवारी सकाळी तिच्याच फोनवर अनोळखी नंबरावरून निरोप आला: ऑरेंज माउंडात संधी, लवकर करा. खाली तिनंच काढून पाठवलेला फोटो. मागच्या दारातून दिसणारी ती टेकवायची खुर्ची तिनं लगेच ओळखली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं तिचंच घर गावभर फिरून, भाव चढवून तिलाच विकायला आलं होतं. ती हसलीसुद्धा. मग तिनं शेवटची ओळ वाचली. 'रिकामं. कुणी राहत नाही. मागचं दार उघडं असतं, केव्हाही जाऊन बघा.'

व्हर्लीनच्या पाचावर धारण बसली. एकटा म्हातारा, मोडकी कडी, आणि साऱ्या गावाला आमंत्रण! तिनं तशीच ब्यूक काढली आणि वाटेत त्या नंबराला फोन लावला. पलीकडं शोंड्रा पिकेट, इस्पितळातली नर्स. दोन पाळ्यांच्या मध्ये घरं विकायची.

"बाई, हे घर तुम्ही पाहिलंय का?" व्हर्लीननं विचारलं.

"मी कशाला बघू? मला कॉर्डेलनं दिलं. त्यानं लिहिलं होतं, लवकरच रिकामं होणार. त्यातलं 'लवकरच' आणि 'होणार' मी काढलं. लोकांना थांबायचं नसतं हो."

मग तिनं कॉर्डेलला गाठलं. "तू तरी पाहिलंस का रे?"

"तुम्ही पाहिलंय ना! मग मी कशाला पाहू?"

"आणि आत माणूस राहतो, हे मी लिहिलं होतं ते कुठं गेलं?"

"एवढं लांबलचक कोण वाचतं, व्हर्लीनबाई?"

उंटावरून शेळ्या हाकणारी ही मंडळी! घर विकणारे तिघं, आणि दोघांनी त्याचा उंबरा पाहिला नव्हता. तिनं रागानं फोन बाजूच्या सीटवर फेकला.

घरामागं एक अनोळखी ट्रक उभा होता. व्हर्लीन फोन उचलून धावतच आत शिरली, आणि बघते तर मिस्टर ओथा टेबलाशी बसून एका दांडग्या माणसाला कॉफी ओतून देत होते. माणसानं टोपी गुडघ्यावर ठेवली होती.

"ये पोरी," ओथा म्हणाले. "पाहुण्यांच्या गर्दीत तूच राहिली होतीस. हा वेंडेल क्रचर. छपरं घालतो."

"मिस्टर ओथा, तुम्ही ठीक आहात ना? कुणी त्रास दिला का?"

"त्रास? एक बाई मला बघून किंचाळली आणि चपला टाकून पळाली. त्या बघ तिथं आहेत. एक जण मी दाढी करत असताना न्हाणीघर मापून गेला. आणि एका सुटाबुटातल्या शहाण्यानं मलाच विचारलं, 'काय हो, तुम्ही या घरात घुसून राहताय का?' म्हटलं, हो, पन्नास वर्षं झाली, कुणी काढलंच नाही."

वेंडेल खो खो हसला. व्हर्लीनला हसू येईना.

"हा मात्र," म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बोट केलं, "उघड्या दारावर टकटक करून बाहेर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी परत आला, तर हातात कडी. बसवून दिली. याला देणार मी घर."

वेंडेलनं खाकरून सांगितलं की घर त्याला हवंय, तो स्वतः राहणार आहे, पण शोंड्राबाई सांगतात त्या भावात नाही. त्या भावात छपराला काही उरत नाही. व्हर्लीननं तिथूनच कॉर्डेलला फोन लावला. त्याची शक्कल तयार होती: शोंड्राकडं कराराचा कागद कुठलाय, तिला वगळा, म्हणजे भाव आपोआप खाली येतो.

"आणि हे गिऱ्हाईक कुणी आणलं? तू?" व्हर्लीन म्हणाली. "तिनं चुकीचं लिहिलं हे खरं. पण आणलं तिनं."

म्हातारबुवा ऐकत होते. त्यांनी हात पुढं करून फोन मागून घेतला. "हे बघ, बेटा. माझं घर ज्यांनी ज्यांनी विकलंय, त्या सगळ्यांनी बुधवारी इथं जेवायला यायचं. घर बघायचं. मग मी शेवटची सही करीन. नाही आलात तर मी इथंच मरतो, काय घाई आहे?"

घाई होती, आणि ती त्यांनाच होती. शुक्रवारी खोली हातची जाणार होती. पण हे खोटं बोलताना ते व्हर्लीनकडं बघून डोळा मारत होते.

बुधवारी सगळे आले. कॉर्डेलचे बूट मागच्या चिखलात बरबटले. शोंड्रा इस्पितळातल्या कपड्यांतच आली, सोबत पाउंड केक. जेवायच्या आधी ओथांनी बंद खोल्या उघडल्या. लुसिलची शिवणाची खोली, निळ्या भिंती, गळक्या छपराखाली ठेवलेली बादली, आणि एका चौकटीवर शेजारपाजारच्या पोरांच्या उंचीच्या खुणा. स्वतःची पोरं झाली नव्हती त्यांना. शोंड्रानं त्या खुणांवरून बोट फिरवलं.

"मिस्टर ओथा, ते 'रिकामं' मी लिहिलं होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे. बस, रस्सा गार होतोय."

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशी दोन दिवस यांची वाटणीवरून ओढाताण चालली होती. आता हाडं चोखता चोखता ती दहा मिनिटांत मिटली. तिघांनी आपापला वाटा सारखा खाली आणला. कॉर्डेलनं थोडं तोंड वाकडं केलं, पण रस्सा त्यानंही दोनदा घेतला. वेंडेल कबूल झाला, आणि गुरुवारी सह्या झाल्या.

शुक्रवारी व्हर्लीननं मिस्टर ओथांना ब्यूकमधून बेथेल कोर्टात पोचवलं. त्यांच्या मांडीवर डोमिनोचा डबा होता. सोमवारपासूनचा प्रश्न तिनं वाटेत विचारला.

"मिस्टर ओथा, खरं सांगा. एवढे परके लोक घरात शिरत होते. मला फोन का नाही केलात? खुर्ची लावायची होती दाराला!"

त्यांनी मांडीवरचा डबा नीट धरला.

"लुसिल गेल्यापासून त्या दाराची मूठ माझ्याखेरीज कुणी फिरवली नव्हती. मग तू आलीस. त्यानंतर ही मंडळी. मी सकाळी भांडंभर कॉफी टाकायला लागलो. आणि फोन करून काय सांगू? इथं एक म्हातारा राहतो म्हणून? ते कळल्यावर कोण आलं असतं, पोरी?"

व्हर्लीनला डोळे पुसायला गाडी बाजूला घ्यावी लागली. मागच्यानं हॉर्न वाजवला. या वेळी तिनं हात हलवला नाही.

पुढच्या मंगळवारी ती चर्चच्या हॉलात गेली नाही. बेथेल कोर्टात गेली, खोली शोधली, आणि टकटक न करता मूठ फिरवून सरळ आत शिरली. मिस्टर ओथा आणि इझेल प्रुइट डोमिनो मांडून बसले होते. दोघांनी माना वर केल्या.

"इथं कुणी राहत नाही असं कळलं," व्हर्लीन म्हणाली, "म्हणून बघायला आले."

"बघ बघ," ओथा म्हणाले आणि पायानं तिसरी खुर्ची पुढं ढकलली. "कॉफी भांड्यात आहे."