रिकाम्या बोटीवर निवडलेला प्रोपेलर

बाळांनो, तुम्ही बोटीत पाण्याच्या पिशव्या भरून ती मुद्दाम जड करता आणि मागे उठणाऱ्या लाटेवर फळी घेऊन उभे राहता, हे फोनवर ऐकलं. त्या बोटीला नवा प्रोपेलर घ्यायचा आहे आणि रिकाम्या बोटीला लावून पाहिलेला तुम्हांला आवडला आहे, हेही कळलं. म्हणून हे लिहिते आहे.

भोपाळच्या आमच्या टाउनशिपच्या क्लबची एक मोटरबोट मोठ्या तलावावर असे. तिची देखभाल तुमच्या आजोबांकडे होती. बोटीबरोबर दोन प्रोपेलर आले होते. एकाच्या पात्यांना पीळ जास्त, दुसऱ्याच्या कमी. जास्त पिळाचा प्रोपेलर दर फेऱ्याला बोट पुष्कळ पुढे ढकलतो, पण इंजिनाला तो तेवढाच जड जातो. बोट हलकी असली तर पळते. भरलेली असली की इंजिन दबतं. चढावर गाडी टॉप गिअरमध्ये घातल्यासारखं. आजोबांना कमी पिळाचा हवा होता, कारण सहलींना बोट भरूनच जायची.

निवड करायला मोठे साहेब आले. आमच्याकडे क्वार्टरच्या खोल्यांपासून क्लबातल्या खुर्च्यांपर्यंत सगळं हुद्द्यावर चालायचं. साहेब बोटीत बसले, आणि त्यांच्या शेजारी बसायला कोणीच पुढे झालं नाही. सगळे इंजिनिअर काठावर उभे राहिले.

"सर, लोड डालकर देख लें?" आजोबांनी विचारलं.

"अरे भाई, बोट है, ट्रक नहीं!"

सगळे हसले. साहेब आणि ड्रायव्हर एवढ्याच वजनावर बोट सुसाट गेली आणि जास्त पिळाचा प्रोपेलर कायम झाला. शेजारच्या क्वार्टरमध्ये आजोबांचे एक मित्र राहत, मूळचे इंदूरचे. परतताना ते म्हणाले, "तू तरी जाऊन बसायचंस की साहेबाच्या मांडीवर!"

त्याच हिवाळ्यात आम्ही पलीकडच्या काठावर सहलीला गेलो होतो. जेवणं झाल्यावर या मित्राच्याच छातीत कळ आली. रस्त्याने फार मोठा वळसा पडत होता, म्हणून त्यांना बोटीत आडवं केलं. डोकं त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या मांडीवर. बरोबर डॉक्टर, आजोबा, आणि गावाकडच्या धक्क्यावर पायऱ्यांवरून उचलून न्यायला धडधाकट माणसं. मी काठावर उभी होते. बोटीचं नाक वर उचललेलं, मागची बाजू पाण्यात बसलेली. इंजिन कण्हत होतं. बराच वेळ गेला तरी बोट फारशी लांब गेलेली दिसेना. बोट धक्क्याला लागायच्या आधीच ते गेले.

तिसऱ्या दिवशी साहेब समाचाराला आले. भिंतीकडे पाहत त्यांनी आजोबांना विचारलं, "बोट तो तेज़ लाए होंगे?"

"जी सर," आजोबा म्हणाले.

वहिनी तिथेच सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून आजोबांकडे पाहिलं.

पुढे वहिनींवर क्वार्टर सोडायची वेळ आली. सामान बांधायला मी गेले होते, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "भाऊजी असं का बोलले हो? मी होते ना बोटीत. ती चालतच नव्हती." मी घरी येऊन आजोबांना सांगितलं. ते जेवणावरून उठले आणि तसेच शेजारी गेले. मागोमाग मीही गेले. एका ट्रंकेवर बसून त्यांनी वहिनींना दोन्ही प्रोपेलरांतला फरक सांगितला. साहेबांचं नाव पुढे केलं नाही.

"म्हणजे दुसरा असता तर?"

"लवकर पोचलो असतो, वहिनी. ते वाचले असते का, हे मला सांगता येत नाही."

वहिनींनी हातातली सुतळी दातांनी तोडली. "हे मला त्या दिवशी साहेबांसमोर ऐकायचं होतं," त्या म्हणाल्या, आणि पुढचं खोकं ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या इंदूरला गेल्या. आजोबा स्टेशनवर पोचवायला निघाले होते. वहिनींनीच नको म्हणून सांगितलं.