डासताईचं बोट

दवाखान्याच्या तळमजल्यावर रक्त घेण्याची एक अरुंद खोली होती. त्या खोलीत बसणाऱ्या बाईला सगळे डासताई म्हणायचे. सुई कधी टोचली ते कळायचंच नाही, कापूस दाबून धरायला सांगितला की मगच कळायचं, म्हणून कुणा पेशंटनं गमतीनं ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तिलाही ते मनातून आवडायचं. सगळी करामत तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीची होती. डोळ्यांना न दिसणारी शीर त्या बोटाला कातडीखाली बरोबर लागायची.

घरी आली की हेच हात लाकडाकडे वळत. कधीतरी एक खुर्ची डुगडुगायला लागली होती आणि सुतार रोज "उद्या येतो" म्हणत होता. शेवटी वैतागून तिनंच ती दुरुस्त केली आणि तिथून तिला हा नाद लागला. मागच्या गॅलरीत तिनं एक जुनं टेबल टाकलं, करवत, रंधा आणि लाकूड कोरायच्या पटाश्या आणल्या. मग शेल्फ झालं, चपलांचं कपाट झालं. कणकेत भुसा सापडला की सासूबाई म्हणत, "आम्ही सून बघायला गेलो होतो, घेऊन आलो सुतार!" नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तो मुळात अबोल, घरातलं बोलण्याचं खातं त्यानं आईकडे सोपवून टाकलं होतं.

त्या रविवारी ती एका डबीच्या झाकणाला बिजागरीसाठी खाच पाडत होती. लाकूड क्लॅम्पमध्ये आवळल्याशिवाय पटाशी लावायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण काम चिमूटभर उरलेलं आणि क्लॅम्प दुसऱ्या फळीत अडकलेला. एवढ्याशासाठी कोण तो सोडवत बसणार, म्हणून तिनं झाकण डाव्या हातात धरलं आणि उजव्या हातानं पटाशी रेटली. मध्ये लाकडाची गाठ आली. पटाशी सटकली ती थेट तर्जनीच्या मुळाशी घुसली.

रक्ताची तिला काय भीती? तिनं जखम दाबून धरली, हात वर केला आणि सवयीनं एकेक बोट वाकवून पाहिलं. बाकीची वाकली. तर्जनी मात्र सरळच राहिली, जणू ती कुणा दुसऱ्याचीच होती. तेव्हा कुठे तिनं नवऱ्याला हाक मारली.

"बोट वाकवणारी स्नायूची दोरी तुटली होती, जोडलीय," ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले. "संवेदनेची एक नसही कापली गेली होती, तीही शिवलीय. पण आता या हातानं काहीही उचलायचं नाही. चहाचा कपसुद्धा नाही. ताण बसला तर टाका तुटेल, आणि मग..."

"बोट पहिल्यासारखं होईल?"

"बघू."

दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यावर डॉक्टरांच्या 'बघू'चं वजन तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई वयानं तिच्याहून लहान, पण शिस्तीला कडक. "जोर लावाल तर तुटेल, नुसत्या बसून राहाल तर चिकटेल," त्यांनी बजावलं. म्हणजे दोन्हीकडून मरण. ती दिवसातून कितीदा तरी उजव्या हातानं ते बोट हळूच वाकवायची, सोडायची आणि पुन्हा पट्टीत बांधून ठेवायची. झोपेत आपण मूठ तर वळली नाही ना, या धास्तीनं दचकून उठायची. लोक जीव मुठीत धरून जगतात, तिला तर तीही सोय नव्हती. सासूबाई भाजी चिरताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्या हातावर लक्ष ठेवून असत. नवऱ्यानं काही न बोलता सगळ्या पटाश्या माळ्यावर नेऊन ठेवल्या होत्या. घरातला प्रत्येकजण जपून बोलत होता आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता.

एका सकाळी पट्टी काढून ती मोरीशी हात धूत होती. सासूबाई न्हाणीतून बाहेर आल्या आणि ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. विचार करायला वेळच नव्हता. तिचा डावा हात आपणहून पुढे गेला आणि त्यानं सासूबाईंचा दंड गच्च पकडला.

हातात काहीतरी टक्कन झालं.

सासूबाई भिंतीला टेकत सावकाश खाली बसल्या, कुठे खरचटलंही नाही. पण सुनेच्या चेहऱ्याचा रंग उडालेला पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, पडू द्यायचं होतंस मला!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "माझी हाडं जुनीच झालीत. तुला त्या बोटावर पोट भरायचंय!"

"तुम्हाला लागलं नाही ना, आई?"

"माझं मरो! बोट हलतंय का ते सांग!"

तिनं बोट हलवून पाहिलंच नाही. हललं नाही तर? नवऱ्यानं गाडी काढली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तो तिच्याकडे बघत होता आणि ती खिडकीबाहेर.

सर्जन ऑपरेशनमध्ये होते. व्यायामाच्या बाईंनी तिला समोर बसवलं, सुजलेल्या बोटाचं मधलं पेर धरलं आणि म्हणाल्या, "टोक वाकवा."

काहीच झालं नाही.

"दातओठ खाऊ नका. जोर नको. नुसतं वाकवायचं मनात आणा."

नवरा दाराशी उभा राहून चष्मा पुसत होता, पुसलेलाच पुन्हा पुसत होता. तिनं डोळे मिटले. बोटाचं टोक किंचित थरथरलं आणि वाकलं.

"पुन्हा."

पुन्हा वाकलं.

बाईंनी श्वास सोडला. "दोरी तुटली असती, तर हे वाकलंच नसतं. आत काहीतरी चिकटलं होतं, ते सुटलं असावं. तरी सर्जन बघेपर्यंत हात हलवू नका." आणि लगेच आवाज चढवून म्हणाल्या, "हे नशीब होतं, उपचार नव्हे! सासूबाईंना सांगा, रोज पडायची गरज नाही."

संध्याकाळी सर्जनांनीही तेच सांगितलं. ती हसली आणि हसता हसता रडायला लागली.

बोट वाचलं, तरी त्याच्या टोकाची एक बाजू पुठ्ठ्यासारखी बधिरच राहिली. कामावर परतल्यावर तिला काचेच्या नळ्यांवर नावं चिकटवायला बसवलं. सुई दुसरी मुलगी टोचायची, आणि आतून "आई गं!" ऐकू आलं की हिचा जीव खालीवर व्हायचा.

एका संध्याकाळी सासूबाई तिच्यासमोर बाही सरकवून बसल्या. "शोध शीर. आहे तिथंच आहे, कुठं पळून जात नाही. ते बोट नसेल तर शेजारचं लाव."

मधलं बोट अडाणी होतं, त्याला काही म्हणता काही समजत नव्हतं. पण सासूबाईंचा हात रोज हजर असायचा. हळूहळू त्या सैल कातडीखालची मऊ, दाबली की परत उसळणारी रेघ मधल्या बोटाला ओळखू यायला लागली.

मग एके दिवशी एक जाडजूड ट्रकवाला आला. दुसऱ्या मुलीनं दोनदा टोचून हात टेकले होते. डासताई उठली. तिनं त्याच्या दंडाला पट्टा बांधला, चाचपलं, सोडला, दुसऱ्या दंडाला बांधला.

"सापडत नाही का?" त्यानं विचारलं.

"सापडेल. घाई करू नका."

मधल्या बोटाखाली काहीतरी उसळलं. तिनं सुई घातली. नळीत रक्त चढलं.

"आई गं! अहो, तुम्हीच ना त्या डासताई?"

"डास आजारी होता," ती म्हणाली. तिनं नळी पूर्ण भरून घेतली.

तर्जनी आजही पुरती मिटत नाही, थंडीत ठणकते. पण लाकडाची ओढ काही गेली नाही. एका रविवारी तिनं पटाश्या मागितल्या. नवरा स्टूल आणून माळ्यावर चढला. त्यानं स्वतः फळी क्लॅम्पमध्ये आवळली, हलवून पाहिली, पुन्हा आवळली आणि गॅलरीच्या दारात ठाण मांडलं.

"तुम्ही जा आत."

"मी इथंच आहे. हवं तर तोंड तिकडे करतो."

त्यानं खरंच पाठ फिरवली. तिनं दोन्ही हात पटाशीच्या मागे घेतले आणि रेटलं. पातं लाकडात शिरलं, एक पातळ साल वळत वर आली. मागे अगदी शांत होतं.

"अहो," ती म्हणाली, "श्वास घ्या."