जड गाडी पुढे

सतरा वर्षं फौजेच्या गाड्या हाकल्या. शेवटचं पोस्टिंग डोंगरातलं, रँक हवालदार. रोज सकाळी सहाला कन्व्हॉय निघायचा आणि मी 'मूव्ह' म्हटल्याशिवाय एकही चाक हलायचं नाही. आता चौसाळ्यात राहतो. माझं तोंड फटकळ आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात हायवेवरच्या वेल्डिंगच्या दुकानात बबनशी माझं वाजलं. बबन धर्मापुरीचा, माझ्या तुकडीतल्या नाईक ज्ञानोबाचा धाकटा भाऊ. शोरूमचे नवे ट्रॅक्टर गावोगाव पोचवायचा धंदा त्याला सुरू करायचा होता. टेंपोमागे जोडून एका खेपेत दोन ट्रॅक्टर नेईल असा ट्रेलर हवा होता. वेल्डरने उसाची जुनी ट्रॉलीच लांबवून त्याच्यापुढे ठेवली होती. ब्रेक नाही, नंबर नाही.

"उसाला चालतीय, मग ट्रॅक्टरला कावून न्हाई?" वेल्डर म्हणाला.

"उसाला चाकं असतात का बे?" मी म्हणालो. मग बबनकडे वळलो. "दोन ट्रॅक्टर, ट्रेलर, टेंपो, सगळं मिळून साडेसात टनांच्या पुढं गेलं की तुझं लायसन्स चालत नाही. हेवीचं काढ. ट्रेलरला स्वतःचा नंबर लागतो, पासिंग लागतं, विमा लागतो. आणि घ्यायचाच तर ब्रेकवाला घे."

"लई शहाणपण शिकवू नका. आमच्या भावाला पेटीत घालून आणलं तुमी. आता मला नियम सांगता व्हय?"

अंगाचा तिळपापड झाला. तरी विचारलं, "दोन्ही भरणार कसे?"

"जे गाव आधी, तिथला मागं. उतरवाया सोपं."

"आणि मागचा जड असला तर?"

"असू द्या की. काय हुतंय?"

माझा राग तिथेच विझला. 'उतरवाया सोपं', हेच मी ज्ञानोबाच्या तोंडून ऐकलं होतं.

ज्ञानोबा गेला त्या सकाळी, डोंगरातल्या पोस्टिंगवर, ट्रेलरवर एक जड गाडी आणि एक जीप चढवायची होती. जड गाडी पहिल्या चौकीवर उतरायची, म्हणून ज्ञानोबाने ती मागे भरली. मीही बीडचाच. आमच्याकडे बाजारची ट्रॉली अशीच भरतात, त्यामुळे मला काही खटकलं नाही.

"उस्ताद, लोडिंग ओके?"

"ओके. मूव्ह."

सहा वाजून चाळीस मिनिटांनी उतार लागला. मी पुढच्या गाडीत होतो, ट्रेलर ओढणारी गाडी ज्ञानोबा चालवत होता. मागच्या वजनाने ट्रेलरचं तोंड उचललं आणि शेपूट डावीउजवीकडे मारू लागलं. रेडिओवर आवाज आला, "ट्रेलर दरीत. ओढणारी गाडीपण गेली. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"अलाइव्ह?"

"निगेटिव्ह."

पेटी घेऊन गेलो तेव्हा त्याच्या घरी मी फक्त 'अपघात झाला' एवढं सांगितलं होतं. त्याच्या आईने वाढलेलं जेवूनही आलो होतो. त्याची लाज मला आजही वाटते.

दुकानात उभ्या उभ्या बबनला सगळं सांगितलं. "ओके मी म्हणालो होतो," म्हटलं.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. "आमच्या दारात पुन्हा येऊ नका," एवढंच बोलला आणि ट्रॉली तिथेच सोडून निघून गेला.

परवा तो चौसाळ्यावरून गेला. ट्रेलर नवा होता, नंबर घातलेला, ब्रेकवाला. वर दोन ट्रॅक्टर साखळीने आवळलेले. मी रस्त्याकडेला अटेन्शनमध्ये उभा राहिलो. त्याने मान वळवली नाही.

ज्ञानोबा, तुझा भाऊ माझ्याशी बोलत नाही. पण जड गाडी पुढे भरतो.