किसन वायरमनने दिलेला जोड

आखातातल्या मुसफ्फामधल्या आमच्या स्टील वर्कशॉपमध्ये किसन धुरीइतका नीटनेटका वायरमन मी दुसरा पाहिला नाही. जोडावर टेप असा गुंडाळायचा की हात फिरवला तरी कड लागू नये. मी त्याचा सुपरवायझर; त्याचा सावकाशपणा मला असह्य व्हायचा, "यल्ला, आटप" म्हणून मी डाफरायचो. तो हसून म्हणायचा, "साहेब, यल्ला यल्ला केलं म्हणून वायर घाबरत नाही." माणूस मला फार आवडायचा, हे आधीच सांगून टाकतो.

अठ्ठ्याण्णव साली ड्रॉइंग बोर्ड गेले आणि कॉम्प्युटर आला. आमचे ड्राफ्ट्समन हनीफभाई रत्नागिरीचे, वय बावन्न. ते हट्टाने तो शिकले. पण वर्कशॉपच्या धुळीने दोन कॉम्प्युटर बंद पडले, तेव्हा मॅनेजरने हुकूम सोडला: कॉम्प्युटरचा डबा एसी केबिनमध्ये ठेवा, स्क्रीन भिंतीपलीकडे हनीफभाईंच्या टेबलावर. एवढी लांब केबल मिळेना. किसनने होती तीच कापली आणि मध्ये साधी वायर घालून जोड दिले.

त्यानंतर हनीफभाई चुकू लागले. तीनाचा आठ वाचायचे. दोन मोठ्या प्लेटी चुकीच्या मापाने कापल्या गेल्या. मॅनेजर म्हणाले, व्हिसा रिन्यू करायचा की नाही ते बघू. हनीफभाईंनी गुपचूप दोनदा चष्मा बदलला. शेवटी चहाच्या वेळी ते किसनला म्हणाले, "डोळे खलास झाले रे. प्रत्येक रेघेच्या उजवीकडे तिची फिकट सावली दिसते. कुणाला बोलू नको."

किसन उठला आणि स्क्रीनसमोर जाऊन उभा राहिला. "सावली मला पण दिसते, हनीफभाई."

"माझी समजूत काढतोस होय?"

मग त्याने मला बोलावलं. मलाही दिसली. मी शहाणपणाने म्हणालो, ग्राफिक्स कार्ड गेलंय. नवं कार्ड बसवलं, सावली तशीच. तेव्हा किसनने तो जड मॉनिटर उचलून केबिनमध्ये नेला आणि दुसऱ्या आखूड केबलने सरळ डब्याला लावला. रेघ एकच दिसली. हनीफभाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि त्यांना रडू आलं.

किसनने स्वतःचा जोड उलगडला. त्या केबलमध्ये प्रत्येक रंगाच्या तारेभोवती बारीक जाळी असते. लाइटच्या वायरिंगमध्ये जन्म गेलेल्या किसनने ती निरुपयोगी समजून छाटली होती. तिच्याशिवाय सिग्नलचा थोडा भाग जोडावर आपटून मागे फिरतो, पुन्हा उलटून उशिरा पोचतो आणि सावली पडते.

"नवी केबल मागवू, गुपचूप बदलू," मी म्हणालो. "कुणाला कळणार आहे?"

"आणि त्या दोन प्लेटी, साहेब? त्या हनीफभाईंच्याच नावावर राहणार ना?"

तो तसाच मॅनेजरकडे गेला. मी मागोमाग. हनीफभाईंना तीन वर्षांचा व्हिसा मिळाला. किसनला पुढच्या महिन्यात फोरमन करणार होते, ते राहून गेलं. तो वायरमन म्हणूनच गावी परतला.

मॅनेजरने त्या दिवशी विचारलं होतं, "चेक किसने किया था?"

तो जोड मी पाहिला होता. टेपवरून हात फिरवून, फर्स्ट क्लास म्हणालो होतो.

"किसीने नहीं, सर," किसन म्हणाला. मी गप्प उभा होतो.