पंपावरचं पाणी

शिंदखेड्याच्या रस्त्यावरच्या त्या पेट्रोल पंपाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला नोकरीत दीड वर्ष झालं होतं. जळगावच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी भूजलाचं बघायची. पंपाच्या साठ्यात रोज थोडी तूट येत होती. जमिनीखाली पेट्रोल झिरपतंय का, आणि झिरपत असेल तर कुठवर गेलंय, ते शोधायचं होतं.

पंपामागच्या भिंतीपलीकडे एक घर होतं, अंगणात विहीर. पहिल्या दिवशी पाण्याची पातळी मोजायला मी तिथे गेले. घरात एक अक्का आणि त्यांची मुलगी. मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. अक्कांनी बादली शेंदली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ताई, हाई पानी पेवाले चांगलं शे का?"

मी वाकून वास घेतला. काहीच नव्हता.

"चालेल अक्का," मी बोलून गेले.

रिपोर्ट हातात येईपर्यंत लोकांना काही सांगायचं नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही, असा आमच्या सरांचा नियम. गाडीत बसल्यावर तो आठवला. म्हटलं, जाऊ दे, एवढ्याने काय होतंय.

तिसऱ्या दिवशी भिंतीलगत भोक घेतलं. वरची काळी माती स्वच्छ निघाली. खाली मुरूम लागला आणि तो वर आला तसा पेट्रोलचा वास नाकात घुसला. वाफ मोजायच्या यंत्राचा आकडा चढतच राहिला. जमिनीचा उतार सरळ अक्कांच्या विहिरीकडे होता.

रस्त्यापलीकडे जाऊन मी सरांना फोन लावला.

"नमुने पाठव आणि रिपोर्टची वाट बघ," ते म्हणाले.

"सर, त्या घरात गरोदर बाई आहे."

"म्हणूनच सांगतो. उगाच घबराट नको."

विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या मी बर्फाच्या पेटीत ठेवल्या. एक बाटली उरली होती. हवा भरायच्या मशीनशेजारी पंपाच्या बोअरचा नळ होता, कामगार आणि येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथलंच पाणी प्यायचे. ती बाटली मी तिथे भरायला घेतली तर पंपाचे मालक हसले.

"ताई, ही चढाची बाजू. पाणी कधी वर चढतं का?" असं म्हणून त्यांनी ग्लास भरला आणि माझ्यासमोर गटागटा प्यायले. "मी रोज हेच पितो."

पुढचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ताट समोर आलं की ती मुलगी डोळ्यांपुढे यायची. शेवटी सुट्टी टाकली, एसटीने धुळ्याला उतरले, तिथून दुसरी गाडी धरून अक्कांच्या दारात गेले.

"अक्का, माझी चूक झाली. रिपोर्ट येईपर्यंत हे पाणी पिऊ नका. स्वयंपाकालाही घेऊ नका."

"तूच सांगेल व्हतं ना, चालस म्हनीसन?" अक्कांचा आवाज चढला. "मन्ही पोर तेच पानी पेस ना!"

मुलगी आतल्या दारात उभी होती. पोटावर हात ठेवून खाली बसली.

संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली पंपावर जमा झाली. मालकांनी सरांना फोन केला आणि दुसऱ्या दिवसापासून माझं बाहेरचं काम बंद झालं. मी ऑफिसात फायली लावत बसले.

रिपोर्ट आला तो मी उभ्या उभ्याच वाचला. अक्कांच्या विहिरीत काही सापडलं नव्हतं. पंपाच्या नळाच्या पाण्यात मात्र पेट्रोलमधलं विषारी बेंझिन होतं, मर्यादेच्या कितीतरी वर. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील असं वाटून मी पुन्हा नमुने मागवले. पुन्हा तेच. मुरमाखाली काळा पाषाण. त्यात पाणी भेगांनी जातं, वरचा उतार बघत नाही. आणि दिवसभर चालणारा बोअर ते आपल्याकडे ओढून घेत होता.

सर मला घेऊनच पंपावर गेले. मालकांनी कागद वाचला, घडी घातली, परत उघडला.

"किती दिवसांपासून असेल हे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. गळती कधीची, ते कुणालाच कळणार नव्हतं.

"मला वाससुद्धा आला नाही," मालक म्हणाले. वीस वर्षं पेट्रोलात काढलेल्या माणसाला तो कसा येणार!

टाकीजवळचा गंजलेला सांधा उकरून काढला, बोअर बंद केला, मालकांची आणि कामगारांची रक्ततपासणी झाली. रक्त ठीक निघालं, पण डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत बोलावलं. वाटेत बाटल्या भरून गेलेल्या ड्रायव्हरांना कळवायला मात्र काही मार्गच नव्हता.

अक्कांकडे मी रिपोर्ट घेऊन गेले. विहीर चांगली आहे, दर तीन महिन्यांनी तपासत राहू, असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आज चालस, काल नही. उद्या काय सांगशी?"

मुलगी बाळंत होईपर्यंत त्या घरात पाण्याचे जार येत राहिले. धुळ्याच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप असल्याचा फोन मला पंपाच्या मालकांनी केला. मी त्यांना त्यांच्या तब्येतीचं विचारलं तर म्हणाले, "पुढच्या महिन्यात बोलावलंय," आणि घाईने फोन ठेवला.